नागपुरात पाण्याची शिकवणी

नागपूरला निघाले तेव्हा घरच्यांनी, शेजारच्या काकूंनी आणि स्टेशनवर सोडणाऱ्या रिक्षावाल्यानेही मला एकच सल्ला दिला: पाणी पीत राहा. मार्च संपत आला होता. आमच्या सांगलीला उन्हाळा नसतो असं नाही, पण नागपूरचं नाव काढलं की आमच्याकडचे लोक अशा सुरात बोलतात की जणू तिथे माणसं गच्चीवर वाळत घातलेली असतात. मी सगळ्यांना हो म्हटलं. मी नागपूरला पाण्यावरच बोलायला निघाले होते, हे कुणाला सांगत बसले नाही.

मी एका खासगी नर्सिंग कॉलेजात ट्यूटर आहे. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना घेऊन सकाळच्या ड्यूटीला वॉर्डात उभं राहायचं, हे माझं मुख्य काम. गेल्या वर्षी त्यातली प्राजक्ता नावाची मुलगी हुडहुडी भरून ताप आल्यामुळे त्याच हॉस्पिटलात पेशंट म्हणून दाखल झाली. मूत्रपिंडापर्यंत गेलेलं इन्फेक्शन होतं. तिच्या उशाशी बसले असताना मला एक गोष्ट पहिल्यांदा नीट दिसली. आमच्या मुली पाण्याची भरलेली बाटली घेऊन वॉर्डात येतात आणि दुपारी ती भरलेलीच परत नेतात.

मग मी विचारायला सुरुवात केली. सगळ्या बॅचकडून रीतसर संमती घेतली, प्रश्न काढले, उत्तरं जमवली. कारण एकच निघालं. वॉर्डातल्या स्टाफच्या टॉयलेटला कुलूप असतं आणि किल्ली इन्चार्ज सिस्टरच्या खिशात असते. पेशंटचं टॉयलेट वापरायला मुलींना मनाई आहे आणि ते वापरण्यासारखं नसतंही. हॉस्टेल रस्त्यापलीकडे, पण वॉर्ड सोडायची परवानगी नाही. म्हणजे नातेवाईक, वॉर्डबॉय आणि राउंडला आलेले डॉक्टर या सगळ्यांसमोर किल्ली मागायची. मागितली की उत्तर मिळतं, "किती वेळा जातेस गं?" हे एकदा ऐकलेली मुलगी पुन्हा मागत नाही. ती पाणी पिणं बंद करते.

हा माझा पेपर. नर्सिंग शिकवणाऱ्या बायकांनी आपापले संशोधनाचे अनुभव एकमेकींना सांगावेत म्हणून नागपुरात दोन दिवसांची परिषद होती, तिथे तो निवडला गेला. तो छापून आला असता तर पीएचडीच्या अर्जात दाखवायला माझ्याकडे काहीतरी झालं असतं. पण पेपरवर पहिलं नाव आमच्या प्राचार्यांचं होतं, ज्यांना आम्ही सगळ्या नुसतं मॅडम म्हणतो. दुसरं नाव संस्थाचालकांच्या सुनेचं, ज्या आमच्याकडे लेक्चरर आहेत. माझं तिसरं. मंचावरून बोलणार मॅडम, स्लाइड पुढे ढकलणार मी. आमच्या क्षेत्रात याला कुणी अन्याय म्हणत नाही. याला मार्गदर्शन म्हणतात.

शुक्रवार, प्रताप नगर आणि बुटीबोरी

परिषदेची एक पद्धत मला पत्रावरूनच कळली होती. प्राचार्यांची सोय हॉटेलात, ट्यूटर मुलींची सोय स्थानिक शिक्षिकांच्या घरी. मॅडम संध्याकाळी विमानाने येणार होत्या. मी सकाळी स्टेशनवर उतरले तेव्हा वर्षाताई रामटेके स्कूटरवर बसून माझी वाट बघत होत्या. त्या नागपूरच्या एका कॉलेजात कम्युनिटी हेल्थ शिकवतात. पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाज खणखणीत.

"तू सायली ना वं? फोटोत तं जाडी दिसते." ही त्यांची पहिली ओळख. दुसरं वाक्य, "तुले भूक लागली असन."

त्यांनी मला थेट एका टपरीवर नेलं. पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओतलेली, वर कच्चा कांदा. आमच्याकडे पोहे म्हणजे पाहुण्यांसमोर ठेवायचा सभ्य पदार्थ असतो, खोबरं-कोथिंबीर घातलेला. हे पोहे तसे सभ्य नव्हते. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि टपरीवाल्याने हिंदीत विचारलं, मिठा कुछ दूं क्या. नागपुरात दुकानदार सुरुवात हिंदीत करतात, हे मला नंतर तीन दिवस जाणवत राहिलं. तुम्ही मराठीत उत्तर दिलंत की ते मराठीवर येतात, आणि माझी मराठी ऐकली की हसतात. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यात सांगलीची. टपरीवाल्याने वर्षाताईंना विचारलं, ही बातम्या देते का.

प्रताप नगरातलं त्यांचं घर नीटनेटकं, छोटं. हॉलमध्ये कोनाड्यात बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढे ताजी फुलं. खिडकीत रामटेके सर कूलरला नवीन वाळा बसवत होते. सर शाळेत गणित शिकवतात. हात ओले असल्यामुळे त्यांनी कोपर पुढे करून नमस्कार केला आणि लगेच बायकोकडे तक्रार केली की पाहुणी आली आणि कूलर अजून सुरू नाही, आता ती सांगलीला जाऊन काय सांगेल. वाळ्याचा ओला वास घरभर पसरला होता. तो वास मला नागपूर म्हटलं की यापुढे आठवेल.

शुक्रवारी वर्षाताईंच्या विद्यार्थिनींची बुटीबोरीला फेरी असते. मीही कॉलेजच्या बसमधून गेले. कारखान्यांच्या रांगा संपल्या की मागे पत्र्याच्या खोल्या आहेत. तिथे ओडिशा, छत्तीसगडहून आलेली कुटुंबं राहतात, बऱ्याचशा बायका सूत आणि कापडाच्या कारखान्यांत जातात. वर्षाताई तिथे शिरल्या की माहेरी आल्यासारख्या वावरतात. एका घरी बाळाचं वजन झालं, दुसऱ्या घरी कुणाच्या नवऱ्याला दारूवरून बोलणी बसली. प्रत्येक घरी मला स्टीलच्या पेल्यात पाणी आलं आणि घरच्यांचा सल्ला आठवून मी प्रत्येक पेला संपवला.

व्हायचं तेच झालं. तासाभराने मला बाथरूमला जायची वेळ आली. सबंध रांगेला एक सामायिक संडास, त्यापुढे बादल्यांची ओळ. माणसं उभी नाहीत, बादल्या उभ्या. मी कुणाची बादली सरकवायची हे न कळून तशीच बाजूला थांबले. लाज वाटत होती म्हणून कुणाला विचारलंही नाही. शेवटी एका बाईने माझा चेहरा बघून आपली बादली माझ्या हातात दिली आणि पुढे ढकललं. मागे सगळ्याजणी हसत होत्या. त्यांच्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, तरी माझे कान गरम झाले.

परतताना बसमध्ये वर्षाताईंनी स्वतःची गोष्ट सांगितली. हसत हसत सांगितली, म्हणून ती मला पूर्ण कळायला थोडा वेळ लागला. त्यांनी पीएचडीसाठी याच बायकांवर काम सुरू केलं होतं. त्यांना लघवीचे त्रास इतके का होतात, हा प्रश्न. एका कारखान्यात परवानगी मिळाली. त्या तिथे रोज जाऊ लागल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की बाथरूमला जायचं तर सुपरवायझरकडून टोकन घ्यावं लागतं. सगळ्या खात्याला मिळून मोजकीच टोकनं. त्यांनी प्रबंधात टोकन लिहिलं. कारखान्याने परवानगी काढून घेतली.

"गाइड म्हणाले, मॅडम, टोकन काढा अन् नॉलेज टाका," वर्षाताई म्हणाल्या. "बायांले पाण्याचं महत्त्व माहीत नाही, असं लिहा. एक शिकवण्याचा कार्यक्रम घ्या. सहा महिन्यांत डॉक्टर व्हाल."

"मग?"

"मंग काय. नाही टाकलं."

त्यांच्या हाताखाली शिकलेल्या दोघीजणी आज नावाआधी डॉक्टर लावतात. वर्षाताईंचं नाव परिषदेच्या पत्रिकेत शोधलं तर शेवटच्या पानावर सापडतं, भोजन समितीत. त्या संध्याकाळी आम्ही लकडगंजला जाऊन होलसेलमधून द्रोण आणि पत्रावळ्या आणल्या. ऑटोत मी गठ्ठ्यांवर बसले होते आणि वर्षाताई ड्रायव्हरशी भाड्यावरून भांडत होत्या. मला मात्र गाइडचं ते वाक्य ऐकल्यापासून काही सुचत नव्हतं. कारण गेल्या जानेवारीत मॅडमनी मलाही पाण्याच्या महत्त्वावर एक तास घ्यायला लावला होता.

शनिवार, सभागृह

जे या परिषदांना गेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे संशोधनाचा एक साचा आहे, त्याला आम्ही एसटीपी म्हणतो, म्हणजे स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्राम. आधी एक प्रश्नपत्रिका द्यायची. मग चार्ट लावून एक तास घ्यायचा. मग तीच प्रश्नपत्रिका पुन्हा द्यायची. मार्क वाढतात. न वाढून काय करतील? निष्कर्ष: कार्यक्रम परिणामकारक. मधुमेह असो, स्तनपान असो, हात धुणं असो, माणसांना अडचण असते ती नेहमी ज्ञानाची, आणि औषध असतं ते आमचा तास. हा साचा वापरायला सोपा आहे, त्यात कुणी दुखावत नाही, आणि पदवी मिळते.

सकाळी उद्घाटन. दीपप्रज्वलन, शपथ, स्वागतगीत, मग सत्कार. सत्कार संपेचनात. शाल, रोपटं, स्मृतिचिन्ह, फोटो, पुन्हा एकदा फोटो कारण कुणाचे तरी डोळे मिटले होते. प्रमुख पाहुणे एक सर्जन होते. नर्सेसच्या परिषदेला प्रमुख पाहुणा डॉक्टरच का लागतो, हे मला कुणी सांगेल का? त्यांनी आम्हाला सांगितलं की परिचारिका ही सेवेची मूर्ती आहे आणि तिने आता संशोधनाकडेही वळायला हरकत नाही. हरकत नाही, म्हणे. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, हात आपोआप वाजतात.

मंचाच्या दोन्ही बाजूंना विद्यार्थिनी तबकं धरून उभ्या होत्या. एकसारख्या साड्या, केसांत गजरे. मंचावर प्रत्येक पाहुण्यापुढे पाण्याची बाटली होती. मुलींच्या हातात तबकं. मी त्यांच्याकडेच बघत राहिले. एक उंच मुलगी पायांवरचा भार सतत बदलत होती. ते उभं राहणं मी रोज वॉर्डात बघते. ती थकलेली नव्हती. तिला जायचं होतं. भाषण चालूच होतं.

अनुभव सांगायचं सत्र, ज्यासाठी आम्ही सगळ्या आलो होतो, ते जेवणानंतर उरलेल्या वेळात उरकलं गेलं. तरी त्यात जीव होता. बहुतेकजणींनी गाइडचे, नवऱ्याचे आणि सासूचे आभार मानले. एका बाईंनी सांगितलं की बाळंतपणाच्या रजेत त्यांनी प्रबंध लिहिला, एका मांडीवर बाळ आणि दुसऱ्या मांडीवर लॅपटॉप, आणि परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला, घर कसं सांभाळलंत. चंद्रपूरकडच्या एक बाई उठल्या आणि सरळ म्हणाल्या की त्यांच्या सहा पेपरांवर पहिलं नाव ज्यांचं आहे त्यांनी ते पेपर वाचलेलेही नाहीत. सभागृह हसलं. पण मी पाहिलं, हसताना प्रत्येकीने आधी आपापल्या प्राचार्या कुठे बसल्यात ते बघून घेतलं.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. हॉटेलात ये, स्लाइड बघून घे. मॅडमच्या खोलीत एसी इतका थंड होता की मी ओढणी अंगाभोवती घेतली. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. पेपरचं शीर्षक बदललं होतं. आता तो विद्यार्थिनींच्या पाणी पिण्याविषयीच्या ज्ञानावर आणि शिक्षण कार्यक्रमाच्या परिणामकारकतेवर होता. कुलूप नव्हतं. किल्ली नव्हती. प्राजक्ता नव्हती. जानेवारीतला माझा तास होता, त्याचा फोटोही. निष्कर्ष होता की मुलींचं ज्ञान अपुरं आहे.

मी मागच्या स्लाइड पुन्हा चाळायला लागले, तेव्हा मॅडम बोलल्या. "किल्लीचं काढलंय मी. ते संशोधन नाही सायली, ती तक्रार आहे. तक्रारपेटी वेगळी असते."

मग त्या जरा मऊ झाल्या. मे महिन्यात कॉलेजची तपासणी आहे, हे छापलेलं कुणाच्या हाती पडलं तर जागा कमी होतील, नुकसान मुलींचंच होईल, असं त्यांनी मला समजावलं. त्या खोटं बोलत होत्या असं मला वाटत नाही. त्यांना खरंच तसं वाटतं. म्हणूनच मला जास्त राग आला. कुलूप काढायला एक माणूस आणि पाच मिनिटं लागतात. ते न काढण्यासाठी यांनी शीर्षक, उद्दिष्टं, तक्ते, निष्कर्ष, सगळं बदललं होतं. तेही रात्र रात्र बसून.

मी "हो मॅडम" म्हणून निघाले. मला राग आला की माझा आवाज आणखी बारीक होतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

प्रताप नगरला रामटेके सरांनी पाटवडीचा रस्सा केला होता. बेसनाच्या वड्या, मसाला काळा, तिखट असं की बोलणं बंद व्हावं. एरवी मी मिटक्या मारत खाल्लं असतं. मी घास चिवडत होते, तेव्हा वर्षाताईंनी ताटात दुसरी वाढ करत विचारलं, "काहून वं, तोंड काहून पाडून राहिली?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. सर जेवायचे थांबले. वर्षाताई मात्र जेवत राहिल्या. मला वाटलं होतं त्या काहीतरी मार्ग दाखवतील. मी तसं विचारलंही.

"मी तुले काय सांगू?" त्या म्हणाल्या. "मी सांगितलं अन् तू ऐकलं, तं तूही माह्यासारखी भोजन समितीत जाशीन."

"समिती वाईट नाही," सर म्हणाले. "गरम जेवाले भेटते."

त्या दोघांना हसू आलं. मला नाही आलं.

रविवार, सभागृह

आमचा पेपर दुपारच्या सत्रात होता. मॅडम छान बोलतात, हे कबूल करायला हवं. आवाज भरदार, इंग्रजी स्वच्छ, साडीची निरी जराही हलत नाही. मी बाजूच्या टेबलावर लॅपटॉपपाशी बसून स्लाइड पुढे ढकलत होते. माझाच तास, माझाच फोटो, फोटोत मी पाण्याने भरलेला ग्लास हातात धरून मुलींना दाखवतेय. पुढच्या रांगेतल्या एक बाई मान डोलावत लिहून घेत होत्या. शेवटच्या स्लाइडवर तक्ता आला, ज्ञान वाढल्याचा. टाळ्या झाल्या.

सत्राच्या अध्यक्षांनी, त्या दुसऱ्या शहरातल्या एका कॉलेजच्या प्राचार्या होत्या, प्रश्न आहे का असं विचारलं. उत्तराची कुणाला अपेक्षा नसते, सगळे चहाकडे बघत असतात. तेव्हा मागच्या दारातून आवाज आला. वर्षाताई चहाचं बघायला आल्या होत्या, रुमालाला हात पुसत दारातच उभ्या होत्या. माइक नव्हता आणि त्यांना त्याची गरजही नव्हती.

"मॅडम, या पोरी ज्या वॉर्डात ड्यूटी करतात, तिथं त्यांच्यासाठी बाथरूम कोणतं आहे?"

"सुविधा पुरेशा आहेत," मॅडम म्हणाल्या. एका क्षणाचाही विलंब न लावता.

"किल्ली लागते," मी म्हटलं.

ते मी ठरवून म्हटलं नव्हतं. अध्यक्षांनी विचारलं, कोण बोललं, जरा मोठ्याने बोला. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी उभी राहिले. उठताना माउसला हात लागला आणि पडद्यावरचा बाण ज्ञानाच्या तक्त्यावर जाऊन थांबला. तो सगळ्यांना दिसत होता.

मी म्हटलं, "टॉयलेटला कुलूप असतं. किल्ली इन्चार्ज सिस्टरकडे. मुलींना ती सगळ्यांसमोर मागावी लागते, म्हणून त्या पाणी पीत नाहीत. त्यातली एक अ‍ॅडमिट झाली. पाणी का प्यावं हे त्यांना माहीत आहे. त्या नर्सिंग शिकतात."

मग मागच्या रांगांतून, जिथे ट्यूटर मुली बसतात, कुणीतरी म्हणालं, आमच्याकडेही. दुसरीने सांगितलं की त्यांच्याकडे वहीत वेळ लिहून सही करावी लागते. तिसरी म्हणाली की आमच्याकडे सिस्टर म्हणतात, आम्हीही असंच शिकलो. कुणी जोरात बोलत नव्हतं. पण रांगेमागून रांग बोलत होती, आणि पुढच्या खुर्च्यांवरच्या बायका वळून बघत होत्या. मला वाटलं, आता. आता काहीतरी होणार.

अध्यक्षांनी टेबलावर पेन वाजवलं. "अतिशय महत्त्वाचं निरीक्षण आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे इन्चार्ज सिस्टरांमध्येही या विषयाचं ज्ञान कमी आहे. माझी सूचना आहे की पुढचा अभ्यास त्यांच्यावर घ्यावा. त्यांच्यासाठी एक एसटीपी करावा."

आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मगाशी बोललेल्या मुलींनीसुद्धा. दारात बघितलं तर वर्षाताई चहा सांगायला निघून गेल्या होत्या.

समारोपात आमच्या पेपरला दुसरं बक्षीस मिळालं. मॅडमनी ते स्वीकारलं. फोटोसाठी मलाही वर बोलावलं गेलं आणि मी गेले, कारण न जाण्यासाठी जो गोंधळ करावा लागतो तो मला जमत नाही. फोटोत मी सगळ्यात डावीकडे आहे, अर्धी.

रविवार संध्याकाळ, हॉटेल

मॅडमचं विमान रात्रीचं होतं, माझी गाडी त्यानंतरची. लॉबीत त्या सोफ्यावर बसल्या होत्या, शेजारी खोक्यात ती ट्रॉफी आणि संत्रा बर्फीचे डबे. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. मला बसायलाही सांगितलं नाही. म्हणाल्या की माझा प्रोबेशनचा काळ जूनमध्ये संपतो हे माझ्या लक्षात असेलच. मग त्यांनी एक कागद पुढे केला. परिषदेचे पेपर पुस्तकरूपात येणार होते, त्यासाठी तिघी लेखिकांची सही लागत होती. दोन झाल्या होत्या.

"सही कर. छापून आलं तर तुझ्याच उपयोगाचं आहे."

ते खरं होतं. पीएचडीचा अर्ज मे महिन्यात भरायचा होता आणि माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. पेन त्यांनीच दिलं. मी ते टेबलावर ठेवलं.

"मॅडम, माझं नाव काढा."

"बरं," त्या म्हणाल्या. इतक्या चटकन की मला कळलं, हे त्यांना सोयीचंच होतं. त्यांनी कागद उचलायला हात पुढे केला.

"आणि मुलींची उत्तरंही काढा."

"ती कॉलेजची आहेत."

"नाहीत. संमतीपत्रावर लिहिलंय ती कशासाठी वापरणार. मुली पाणी का पीत नाहीत याची कारणं शोधायला. त्यांनी होकार त्याला दिलाय, याला नाही. मी त्यांच्यासमोर वाचून दाखवलं होतं." माझा आवाज बारीक झाला होता, त्यामुळे त्यांना पुढे वाकून ऐकावं लागलं. "त्यांच्या होकाराशिवाय ती छापली, तर मी परिषदेला लिहून कळवीन."

मॅडमनी पुढे केलेला हात मागे घेतला. रिसेप्शनवरचा माणूस उगाच कागद सारखे करत होता.

"मग त्या पेपरात राहतं काय?" त्यांनी विचारलं.

"शिकवणी," मी म्हटलं.

त्यांनी कागदाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. त्यांची टॅक्सी आली. मी खोकं उचलून डिकीत ठेवलं, कारण ते उचलायला दुसरं कुणी नव्हतं आणि ते जड होतं.

मला स्टेशनवर सोडायला वर्षाताई आणि सर दोघंही आले. वर्षाताईंनी डब्यात कोथिंबीर भरून तळलेल्या पुडाच्या वड्या बांधून दिल्या, उन्हाने खराब होतील म्हणून सकाळच्या आत संपवायला सांगितल्या. हॉटेलात काय झालं ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी नुसतं "हाव" म्हटलं आणि गाडी हलेपर्यंत खिडकीच्या गजावरचा माझा हात धरून ठेवला.

परत आल्यावर मंगळवारी माझी वॉर्डात ड्यूटी होती. पेपरचं काय होणार ते अजून कळलेलं नाही, जूनमध्ये माझं काय होणार तेही नाही. मुली रांगेने पलंगांपाशी उभ्या राहिल्या. मी इन्चार्ज सिस्टरांच्या टेबलापाशी गेले आणि टॉयलेटची किल्ली मागितली. दोन नातेवाईक आणि राउंडचे डॉक्टर तिथेच होते. सिस्टरांनी खिशात हात घालत विचारलं, तुम्हाला जायचंय का.

"नाही," मी म्हटलं. "सगळ्या बॅचला जायचंय. दुपारपर्यंत किल्ली माझ्याकडे राहील."

त्यांचा हात खिशातच थांबला. त्या म्हणाल्या, असं कधी झालं नाही. मी म्हटलं, मला माहीत आहे. आणि हात पुढे धरून मी तिथेच उभी राहिले.